खाडीचा चिखल मोजायचं किट परभणीत वापरलं, त्याचा रिव्ह्यू

समुद्र वर चढायलाय हे आता पाचवीतलं पोरगं पण सांगतं. पण खाडीकाठची दलदल, म्हणजे ते कांदळवन (भरतीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं जंगल), त्यातली तिवराची झाडं, खारट गवताची मैदानं, ही काय गप बसून बुडत नाहीत, त्यांची जमीन पण भर घालत घालत वर सरकते आणि किती सरकली ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं. हे टेबलावर करून दाखवणारं एक किट ऑनलाइन मिळतं. आमच्या शाळेनं विज्ञान प्रदर्शनासाठी मागवलं, आणि आता आजूबाजूच्या शाळांचे सर-मॅडम सारखं विचारायलेत की घ्यावं का नको, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. किंमत २८५० रुपये, कुरिअर वेगळं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पार्सलवरून जरा वाजलंय आमचं त्यांच्यासोबत, ते खाली येईलच.

आणि परभणीला समुद्र कुठाय हा प्रश्न प्लीज परत विचारू नका, स्टाफरूममध्ये झालाय तो विचारून. उत्तर पुढं गोदावरीत आहे.

खोक्यात काय येतं: एक काचेसारखा पारदर्शक ट्रे, त्याला खाली पाणी सोडायची तोटी, ट्रेच्या तळाला घट्ट बसणारी एक स्टीलची सळई, त्या सळईवर आडवा बसणारा हात आणि त्यातून खाली सोडायच्या नऊ पिना, पांढऱ्या पुडीचं पाकीट, टोक कापलेली मोठी सिरिंज, मातीची एक पिशवी, नारळाचा काथ्या, भरती-ओहोटीसाठी बॅटरीवरचा छोटा पंप, एक उताराची पाटी, एक भिंतीचा तुकडा आणि माहितीपुस्तक. ऐकायला लई वाटतं पण अर्ध्या तासात जोडून होतं.

आता यातली खरी अक्कल त्या सळईत आहे. चिखलाची उंची मोजायची म्हणजे कशापासून मोजायची हा पहिला घोळ, कारण चिखल स्वतःच खाली दबतो, आणि चिखलात रोवलेली काठी पण त्याच्यासोबत खाली जाते, मग मोजणार काय डोंबल. म्हणून खऱ्या दलदलीत काय करतात की स्टीलच्या सळया एकाला एक जोडून ठोकत जातात, पुढं जायची बंद होईस्तोवर, कुठं कुठं दहा-वीस मीटर खोल जातात, मग वरच्या टोकाभोवती सिमेंट भरतात आणि ती झाली पक्की खूण. मोजायच्या दिवशी तिच्यावर हा आडवा हात बसवायचा, लेव्हल करायचा, नऊ पिना अलगद चिखलाला टेकवायच्या, पिना हाताच्या वर किती उरल्या ते लिहायचं, मग हात फिरवून दुसऱ्या दिशेला, असं चार दिशांना केलं की ३६ आकडे. काही महिन्यांनी किंवा वर्षानं परत यायचं आणि त्याच जागी त्याच पिना टेकवायच्या. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले डॉनल्ड कहून आणि त्यांच्या सोबत्यांनी सळईवालं हे रूप २००२ साली मांडलं आणि आज जगभर दलदलींमध्ये हीच पद्धत चालते. लेझर नाही, सॅटेलाइट नाही, पिना आणि पट्टी. आमच्या पोरांना हेच सगळ्यात जास्त आवडलं की एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर पट्टीनं निघतं.

किटमधला हात पण चारी दिशांना फिरतो आणि खटकन जागेवर बसतो, इथं पैसे वसूल.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे ती पांढरी पूड. फेल्डस्पार आहे ती, चिनी मातीच्या भांड्यांच्या धंद्यात वापरतात तीच. चिखलावर पातळ थर पसरायचा, वरून भरत्या सोडत राहायचं, आणि नंतर सिरिंज उभी खुपसून मातीची कांडी बाहेर काढायची, पांढऱ्या रेषेच्या वर जेवढा चिखल तेवढी नवी भर. खऱ्या कामात चिखल इतका पातळ असतो की कांडी हातात राहतच नाही, म्हणून द्रवरूप नायट्रोजन सोडून ती जागच्या जागी गोठवतात आणि मग उपटतात. ते काय शाळेत करता येत नाही पण सिरिंजनं काम भागतं.

तर आता दोन आकडे हातात आले, पिनांनी सांगितलेली पृष्ठभागाची उंची आणि पांढऱ्या रेषेवरची भर. पोरांना वाटलं दोन्ही सारखेच येणार, कारण वर माती टाकली तर तेवढं वर येणारच ना. येत नाही! पांढऱ्या रेषेवर चिखल चांगला दिसतोय आणि पिना म्हणतात वर आलंय त्याच्या निम्मंच. उरलेलं कुठं गेलं तर खालचा ओला चिखल वरच्या वजनानं दबला, त्यातलं पाणी पिळून निघालं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जमीन आतून जेवढी खचली ते. हे एवढं जरी पोराच्या डोक्यात बसलं तरी किटचे पैसे फिटले असं माझं मत आहे, कारण पेपरात येतं की अमुक ठिकाणी एवढा गाळ साचतोय, काळजी नाही, आणि वाचणारा मान डोलावतो. गाळ साचणं वेगळं आणि जमीन वर येणं वेगळं.

पण हा फरक किटसोबत आलेल्या मातीत नीट दिसतच नाही, ही पहिली तक्रार. त्यांनी दिलीय बारीक वाळू आणि थोडी पिवळी माती, ती दबत पण नाही आणि फुगत पण नाही. आम्ही ती बाजूला ठेवली आणि शिपाई मामांनी गंगेकाठच्या त्यांच्या शेतातली काळी माती आणून दिली (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात), ती भिजवून गाळून ट्रेमध्ये भरली. मग बघा मजा. ओली असताना पिना वर, शनिवारी दुपारी तोटी उघडी ठेवून घरी गेलो तर सोमवारी सगळी जमीन खाली बसलेली आणि मधोमध भेग. परभणीच्या उन्हात दुसरं काय होणार, आमच्याकडं भेगा पडलेल्या रानात सायकलचं चाक अडकतं. परत पाणी सोडलं की परत फुगली, ना माती घातली ना काढली. आणि हे काय फक्त आपल्या मातीचं खूळ नाही, खऱ्या दलदलीची उंची पण पाण्याच्या पातळीबरोबर अशी खालीवर होते, म्हणून एका वर्षाच्या मोजणीवर कोणी शहाणा माणूस बोलत नाही, बरीच वर्षं मोजून मग सरासरी चढ काढतात. कंपनीनं खरंतर काळी मातीच द्यायला पाहिजे, मराठवाड्यातून ट्रकनं न्या म्हणावं.

आता दलदल वर कशी येते. एक म्हणजे भरतीचं गढूळ पाणी येतं, झाडांच्या मुळांत खोडांत अडतं, वेग मोडतो, गाळ खाली बसतो. तिवराची ती जमिनीतून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळं हेच काम करतात. आणि यात एक आपोआप चालणारा हिशोब आहे, जी जागा खोल ती जास्त वेळ पाण्याखाली राहते, म्हणून तिथं गाळ जास्त पडतो, ती वर येते, वर आली की पाणी कमी वेळ राहतं आणि गाळ पण कमी पडतो. म्हणजे समुद्र थोडा चढला तर दलदल स्वतःच जास्त गाळ पकडायला लागते. किटमध्ये हे झकास दिसतं, ट्रेच्या एका बाजूला खड्डा ठेवा, तो आधी भरतो.

दुसरं कारण मुळं, आणि इथं किट साफ झोपलंय. जिथं नदीचा गाळ येतच नाही तिथं पण कांदळवनं टिकलीत. मध्य अमेरिकेत बेलीझच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात छोटी बेटं आहेत, तिथं कुठली नदी आणि कुठला गाळ, पण कांदळांनी हजारो वर्षं स्वतःच्या मुळांवर मुळं रचून जवळपास १० मीटर जाडीचा थर उभा केलाय, समुद्र चढत गेला तशी बेटं पण चढली. मेलेली मुळं तिथल्या खाऱ्या, हवा नसलेल्या चिखलात लवकर कुजत नाहीत म्हणून हे जमतं. याच्यासाठी किटमध्ये दिलाय काथ्या, मातीत मिसळा म्हणतात. अरे काथ्या वाढतो का? मेलेलं मूळ आणि जितं मूळ यात फरक आहे की नाही. आमच्या मॅडमनी डोकं चालवलं, ट्रेच्या एका भागात गहू पेरला आणि गोड पाणी ठेवलं. घटस्थापनेच्या परडीत नवमीपर्यंत माती कशी गच्च होऊन वर फुगते तशी ट्रेमधली माती उचलली आणि पिनांनी ते बरोबर पकडलं. खाऱ्या पाण्याचं झाड नाही, मान्य, पण मुद्दा पोचला. नंतर गहू उपटला नाही, मुद्दाम वाळू दिला, तर ती जागा खाली बसायला लागली. १९९८ मध्ये मिच नावाच्या चक्रीवादळानं होंडुरासच्या बेटांवरची कांदळवनं मारली तेव्हा असंच झालं, झाडं मेली, नवी मुळं बंद, जुनी कुजायला लागली आणि जमीन वर्षाला साधारण सेंटीमीटरभर खचत गेली. नुसतं झाड तोडलं एवढ्यावर भागत नाही, जमीनच जाते खाली.

माहितीपुस्तकाबद्दल जरा कडक बोलणार आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय की दलदली समुद्रासोबत "आपोआप वर येतात" आणि पुढं सगळं त्याच सुरात. अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक. वर येण्याला मर्यादा आहे आणि ती मोजलेली आहे. २००६ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी वर्षाला ३.७ मिमी चढत होता, गेल्या शतकाच्या सुरुवातीला हाच वेग दीड मिमीच्या आत होता. कांदळवनांचा गेल्या १०,००० वर्षांचा इतिहास तपासून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडलं की चढ वर्षाला ६ मिमीच्या वर गेला की कांदळवनं बहुतेक मागं पडतात. २०२३ च्या अभ्यासात तर ४ मिमीपासूनच मागं पडायची शक्यता सुरू होते आणि ७ मिमीला ती जवळपास पक्की. आणि जी मोजणी मी वर सांगितली त्याच पद्धतीनं हिंदी आणि पॅसिफिक महासागरातल्या कांदळवनांची २०१५ मध्ये तपासणी झाली, तर ६९ टक्के जागी जमिनीचा चढ समुद्राच्या चढापेक्षा कमी निघाला. हे आकडे पुस्तकात पाहिजे होते. दोन पानं रंगीत खेकडे छापलेत, त्या जागेत मावले असते. मराठी पण अशी की वाचताना दात दुखतात, "पृष्ठीय उत्थापन सारणी" असं काहीतरी लिहिलंय, आम्ही सरळ पिनांचा हात म्हणतो.

हां पण उताराची पाटी आणि भिंत, ही कल्पना ज्या कोणाची असेल त्याला सलाम. पाटी तिरपी लावून मागच्या बाजूला चढण करायची, पंपानं पाणी रोज थोडं वाढवायचं, गाळाची रेघ हळूहळू वर चढणीकडं सरकते, म्हणजे दलदल उंच व्हायला कमी पडली तरी मागं सरकून जगते. मग मध्ये भिंत उभी करायची. पाणी भिंतीपर्यंत येतं आणि मागं जायला जागाच नाही. खरी दलदल असती तर अशा वेळी पुढून बुडत आणि मागून अडत पट्टा अरुंद होत संपली असती. आणि भिंतीच्या मागच्या कोरड्या भागात पिना टेकवल्या तर ती जमीन खाली गेलेली, कारण तिला गाळ पण नाही आणि वाळून दबली ते वेगळंच. बांगलादेशात १९६० च्या दशकापासून बांध घालून जी बेटं शेतीसाठी कोरडी केली ती आज शेजारच्या मोकळ्या सुंदरबनपेक्षा १ ते १.५ मीटर खाली आहेत, सुंदरबनची जमीन मात्र नदीचा गाळ खात जागेवर टिकली. २००९ मध्ये आयला वादळात त्यातले बांध फुटले आणि भरतीचं पाणी आत घुसून राहिलं. गंमत म्हणजे बांध फुटल्यावर त्याच पाण्यानं दोनेक वर्षांत आत भरपूर गाळ आणून टाकला, लोकांचे हाल झाले ते झालेच पण जमीन वर यायला लागली. आमच्या नववीच्या एका पोरीनं हे ऐकून विचारलं की सर मग बांध थोडे थोडे उघडायचे का, आणि खरंच तिकडं काही भागात ठरवून पाणी आत घेऊन गाळ बसवतात. ही पोरगी प्रदर्शनात बोलली, परीक्षक खूश.

आता गोदावरी. प्रदर्शनाच्या तयारीत मामा ट्रेमध्ये गाळाचं पाणी ओतत होते, मी पोरांना सांगत होतो की भरती कितीही आली तरी पाण्यात गाळच नसेल तर दलदल वर येणार कशी, आणि तो गाळ नद्या आणतात. मामा थांबले, म्हणाले, "सर, मग आपण धरणातून ट्रॅक्टरनं आणतो तो गाळ त्यांचाय का?" मी म्हणलं मामा, तुम्हीच घ्या उद्यापासून वर्ग.

कारण तसंच आहे. गोदावरी त्र्यंबकहून निघून पैठण, गंगाखेड, नांदेड करत तेलंगणा, आंध्रात जाते आणि १४६५ किलोमीटरवर समुद्राला मिळते, तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे. त्या जंगलाचा चिखल म्हणजे आपल्या आणि आपल्या वरच्यांच्या रानातून धुऊन गेलेली माती. पैठणला जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या वर धरणं आहेत, खाली नांदेडला विष्णुपुरी, पुढं तेलंगणात श्रीरामसागर, उपनद्यांवरची वेगळीच. पाणी अडलं की गाळ पण तिथंच बसतो. सत्तरच्या दशकात गोदावरी समुद्राकडं वर्षाला जवळपास १५ कोटी टन गाळ नेत होती, नव्वदच्या दशकात तो ६ कोटींच्या आत आला, आणि तिकडच्या अभ्यासकांनी किनारा झिजण्याचा संबंध याच्याशी लावलाय. इकडं आपण "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" म्हणून तोच गाळ रानात टाकतो आणि पिकं चांगली येतात, त्यात चूक काहीच नाही. जायकवाडी नको होतं असं मराठवाड्यात बसून कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच, उन्हाळ्यात आमच्याकडं काय हाल असतात ते आम्हाला माहिती. पण समुद्र चढतोय आणि कोरिंगाच्या चिखलाची भर कमी झालीय, आणि त्या हिशोबाचं एक टोक पैठणला आहे, हे आपल्या पोरांना कळायला हवं. किटच्या पुस्तकात धरण हा शब्दच नाही. आम्ही पंपाच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधून "धरण" केलं, खाली नुसतं नितळ पाणी पोचलं आणि पिना हलल्याच नाहीत. प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्या ओढणीपाशी.

तक्रारी एकत्र सांगतो. पहिलं पार्सल आलं ते तोटीपाशी चिरलेलं, फोन केला तर म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा, आता खोकं उघडताना कोण शूटिंग करतंय. शेवटी फोटोवर मानले पण नवीन ट्रे यायला इतका वेळ लागला की तोपर्यंत आम्ही एम-सील लावून काम सुरू पण केलं होतं. पिना मिठाच्या पाण्यात गंजतात, खाडीच्या किटमध्ये गंजणाऱ्या पिना द्यायच्या म्हणजे कमाल आहे, आम्ही सायकलच्या दुकानातून स्पोक आणून कापून घेतले, ते मस्त चालतात. पंप पातळ गढूळ पाण्यापर्यंत ठीक, जरा घट्ट झालं की रडायला लागतो, मग मग्ग्यानंच भरती आणायची. पिनांच्या टोकाला चपटी बारीक टोपी पाहिजे, नाहीतर मऊ चिखलात पिन टेकते का घुसते तेच कळत नाही आणि दोन पोरांचे आकडे दोन येतात. आम्ही शर्टाची बारीक बटणं चिकटवली.

कोणी घ्यावं: आठवी ते दहावीच्या शाळा, ज्युनिअर कॉलेजचे भूगोलवाले, बिनधास्त घ्या. घरी एका पोरासाठी घेऊ नका, महाग पडतं आणि गॅलरीत चिखलाचा वास मुरतो, घरचे बोलतील. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी तर उगाच खर्च करू नये, त्यांना आकडे वर दिलेत तेवढे बास. पाचपैकी साडेतीन स्टार, मोजायच्या हातासाठी आणि भिंतीच्या कल्पनेसाठी, पुस्तक धरलं असतं तर अडीचच. मागवायचं असेल तर जास्तीचा एक ट्रे सोबतच घ्या, नंतर वेगळा मागवला की कुरिअरचा भुर्दंड पडतो, आणि एका ट्रेमध्ये धरण एकात बिनधरण असं शेजारी शेजारी लावता येतं. काळी माती लागली तर आमच्या मामांना सांगा, पोत्यानं देतील.